लेकीला भौतिकशास्त्रात पुढे जाऊ द्यावं का?

नमस्कार भाऊ,

औसा तालुक्यातून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, 'पातळ थरांच्या चुंबकांवर' संशोधन करीन म्हणते. तुम्हाला वाटतं, बी.एड. करून शाळेत लागावं. "ह्या चुंबकानं पोट भरंल का?" असं तुम्ही विचारलंय.

आधी तिला कशानं भुरळ घातलीय ते सांगतो. काही स्फटिक कांद्यासारखे पापुद्र्यांचे असतात. साध्या चिकटपट्टीनंही पापुद्रे सुटतात. क्रोमियम ट्रायआयोडाइड त्यातलंच. त्यातला क्रोमियमचा प्रत्येक अणू म्हणजे एक बारकं चुंबक. उष्णता असेपर्यंत ते सैरावैरा असतात, कडाक्याची थंडी पडली की एका दिशेला तोंड करतात. याचा एकच थर उणे २२८ अंशांच्या आसपास चुंबक होतो, हे २०१७ साली दिसलं. गंमत पुढंच आहे. अशाच थंडीत दोन थरांचा तुकडा घेतला तर ते एकमेकांच्या उलट तोंड करतात, चुंबकत्व उरत नाही. तीन थरांचा घेतला तर परत येतं! असं का, याचा शोध घेत आयुष्य काढावं असं पोरीला वाटलं तर त्यात वेडेपणा काही नाही.

आता पोटाचं. एम.एस्सी.ची दोन वर्षं, पुढं पीएच.डी.ची पाच-सहा. वाट लांब आहे, हे लपवत नाही. पण सीएसआयआर-नेट या देशपातळीवरच्या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिन्याला ३७ हजार रुपये आणि वर घरभाडं मिळतं. शिवाय हवा काढून टाकणारे निर्वात पंप, कडाक्याची थंडी आणणारं द्रवरूप हेलियम, अचूक मोजमाप हे प्रयोगशाळेत हातात बसलेलं कसब वाया जात नाही. दवाखान्यातल्या एमआरआय यंत्राचं चुंबकही हेलियमनंच थंड ठेवतात.

कर्ज काढून खासगी कॉलेजात मात्र घालू नका. तिला 'जॅम' परीक्षा देऊ द्या. त्यातून आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं. नाहीच जमलं तर संभाजीनगर आणि नांदेडची विद्यापीठं आपल्या घरचीच आहेत. त्याआधी एकदा तिला प्रयोगशाळा दाखवून आणा. एका मोजणीसाठी रात्रभर यंत्रापाशी बसणं तिला आवडेल का, हे तिचं तिलाच कळू द्या.

मधल्या काळात पाहुणे स्थळं घेऊन येतील. तेव्हा तुम्ही तिच्या बाजूनं उभे राहा.

जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात असतात, म्हणजे ऐन सोयाबीनच्या काढणीत. त्या धांदलीत तारीख हुकू देऊ नका.