'वास' म्हणजे घाणच का?

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. कायम वापरता येईल असं एकच परफ्यूम त्यांना ठरवायचंय, म्हणून सॅम्पलच्या छोट्या बाटल्या मागवून एकेक लावून बघतायत. 'मला अजून माझा वास सापडला नाही' असं ऑफिसात म्हणाल्या, तर सगळे फिदीफिदी हसले. वास म्हणजे दुर्गंध, चांगला असेल तर सुगंध म्हणायचं, असं वर ऐकवलं. मग 'सिग्नेचर सेंट'ला मराठीत म्हणायचं काय?

ताई, चूक हसणाऱ्यांची आहे. हे हल्ली इतक्या वेळा कानावर येतं की डोकं फिरतं. मॉलमधल्या काउंटरवर 'मॅम, हा स्मेल करून बघा, फ्रॅग्रन्स खूप छान आहे' आणि बाहेर पडल्यावर नाल्यापाशी 'शी, वास येतोय!' चांगल्याला इंग्रजी आणि घाणीला मराठी, अशी वाटणी कोणी करून दिली? आपल्या आज्या डोक्याला वासाचं तेल लावायच्या. तांदूळ घेताना 'वासाचा आहे ना?' असं आजही विचारतात. सकाळी जांभळी नाक्याच्या फूलबाजारातून जाताना मोगऱ्याचा वास येतो, सुगंध येतो असं तिथली एकही फूलवाली म्हणत नाही. वाईट असेल तेव्हा आपण वेगळं सांगतो: कुबट वास, खवट वास, आंबूस, करपट, उग्र. वास स्वतः वाईट असता तर ही विशेषणं लागली कशाला असती? आणि 'सुगंधी वास' लिहिणाऱ्यांनी तर कृपा करून थांबावं.

सुगंध, परिमळ, दरवळ यांचे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यात वेळ घालवत नाही. खरी गंमत 'वासना'मध्ये आहे. हा शब्द आपण सिनेमाच्या पोस्टरवर नेऊन नासवलाय. संस्कृतात वासना म्हणजे मनावर मागे राहिलेला ठसा, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे सुवासिक करणं. बौद्ध आचार्य असंग यांच्या 'महायानसंग्रहा'त यासाठी तिळाचा दृष्टान्त आहे. तीळ फुलांत ठेवले की फुलांचा वास तिळात उतरतो. फुलं जातात, वास तिळात राहतो. कर्म संपलं तरी त्याची वासना चित्तात तशीच राहते. हा नुसता दृष्टान्त नाही, खरी रीत आहे. जौनपूरकडचं चमेलीचं तेल असंच करत: तीळ आणि ताजी फुलं यांचे थरावर थर, फुलं रोज बदलायची, मग ते तीळ घाण्याला. ग्रंथ चिनीत गेले तेव्हा तिथल्या भाषांतरकारांनी वासनेसाठी धुरी देण्याच्या अर्थाचा शब्द घेतला. 'परफ्यूम'चं लॅटिन मूळही 'धुरातून' असंच आहे, आणि त्यातला 'फ्यूम' हा आपल्या 'धूम'चा सख्खा भाऊ.

मराठीने हा जुना अर्थ सोडलेला नाही. तापातून उठलेल्या माणसाची 'अन्नावर वासना नसते'. दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नाही तेव्हा म्हातारी माणसं म्हणतात, कशात तरी वासना अडकली असेल. माणूस गेला, मागे राहिलंय ते वासना. असंगांच्या तिळातलीच गोष्ट आहे ही.

आता माझं मत, आणि मी त्यावर ठाम आहे: वास (गंध) आणि वास (राहणं) हे मुळात एकच. संस्कृतचे जाणकार इथे लगेच धातुपाठ, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांची जुनी यादी, उघडतात. 'वस निवासे' (राहणं) वेगळा, 'वास उपसेवायाम्' (सुवासिक करणं) वेगळा, तेव्हा संबंध नाही, विषय संपला! विषय संपत नाही. धातुपाठ रूपं लावून देतो, शब्दाचा इतिहास सांगायला तो लिहिलेला नाही. 'वस्'चं प्रयोजक रूप वासयति, म्हणजे राहायला लावतो. 'वास्'चंही रूप वासयति, म्हणजे सुगंधित करतो. तेलात गंध राहायला लावणं म्हणजेच तेल सुगंधित करणं. याहून सरळ काय हवं? आणि हीच मंडळी 'वासना'ची व्युत्पत्ती सांगताना खुशाल 'वस्'कडे जातात, तेव्हा त्यांची वर्गवारी आड येत नाही.

आणि ताई, तुम्ही रोज मनगटावर जे करताय त्यातही हेच दिसतं. फवारा मारल्या मारल्या नाकात जातो तो भपकारा. त्यात अल्कोहोल आणि लिंबू-संत्र्यासारखे हलके अंश असतात, ते पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत उडतात. दुकानातल्या कागदी पट्टीवर आपण हुंगतो आणि भुलतो तो हाच. मग फुलं वर येतात. चंदन, वाळा, ऊद, कस्तुरीच्या जातीचे जड अंश संध्याकाळी घरी आल्यावर घामाबरोबर कातडीवर उरलेले असतात. वास तो. जो राहतो तो. म्हणून एका मनगटावर एकच लावा, मनगटं एकमेकांवर घासू नका आणि निकाल रात्री द्या. निवडीला अंत नाही हेही खरं. वराहमिहिराने बृहत्संहितेतल्या गंधयुक्तीच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यं बनवण्याच्या, अध्यायात हिशोबच मांडलाय, १६ द्रव्यांतून ४ निवडायची तर १८२० मिश्रणं.

'सिग्नेचर सेंट'चं राहिलंच. 'स्वाक्षरी-सुगंध' असलं काही करू नका, ते सरकारी परिपत्रकातलं वाटतं. 'माझा वास' हेच बरोबर आहे, ऑफिसात पुन्हा मोठ्याने म्हणा. आणि ती दीड-दोन मिलीची सॅम्पलची बाटली म्हणजे कुपी, अत्तराची असायची तशीच.