दोरी बांधण्याआधी

कपडे वाळत घालायला गच्चीवर लोखंडी तार लावू नका. एका पावसात गंजते आणि पांढऱ्या बनियनवर तांबडी रेघ उमटते. माझ्या दोन बनियन अशाच पोछ्याला गेल्या. नायलॉनची दोरी घ्या. तीही ऊन खाऊन ठिसूळ होतेच, तेव्हा अधूनमधून ओढून बघा. कपडे वाळत घालण्याआधी दोरी ओल्या फडक्यानं पुसून घ्या, कबुतरं आपल्याआधी हजेरी लावून गेलेली असतात.

प्रत्येक कपडा जोरात झटका, निम्मी इस्त्री तिथंच होते. रंगीत कपडे उलटे करून वाळत घाला, नाहीतर उन्हानं विटतात. शर्टाला चिमटा खालच्या काठाला, खांद्याला नको; तिथं टोक उभं राहतं. जीन्सचे खिसे बाहेर काढा, शेवटपर्यंत ओले राहतात ते तेच.