दोन लहान लेकरं सांभाळून सोलापुरात जीएनएम करता येईल का? अभ्यास कधी करायचा?

तुम्ही लिहिलंय की वय २८ आहे, मोठा चार वर्षांचा, धाकटी नऊ महिन्यांची आणि अजून अंगावर पिते. जीएनएमला (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, म्हणजे नर्सिंग आणि बाळंतपणाच्या कामाचा तीन वर्षांचा डिप्लोमा) नंबर लागलाय, पण अभ्यास कधी करायचा ते कळत नाही आणि सासरचे म्हणतात, "लेकरं मोठी होऊ दे, मग कर." मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते, वॉर्डात त्यांच्याबरोबर उभी असते. अभ्यासाचं शेवटी सांगते. आधी तुम्ही न विचारलेलं सांगते, कारण लेकुरवाळ्या मुली तिथंच अडकतात.

हजेरी. परीक्षेला बसायला थिअरीची ८० टक्के आणि प्रात्यक्षिकाची ८० टक्के हजेरी लागते. कारण काहीही असो, गैरहजेरी ती गैरहजेरीच. आणि प्रमाणपत्र हातात पडायच्या आधी वॉर्डाचे तास १०० टक्के भरावे लागतात. समजा एखाद्या विषयाचं प्रात्यक्षिक ३०० तासांचं आहे. त्याचे २० टक्के म्हणजे ६० तास. सहा तासांची ड्यूटी धरली तर तुमच्या हातात १० दिवस येतात. आता कांजिण्या घ्या. मोठ्याला बालवाडीतून कांजिण्या आल्या की सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पाच ते सात दिवस त्याला घरातच ठेवावं लागतं. लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत १० ते २१ दिवस जातात, म्हणजे मोठा बरा होऊन बालवाडीत जायला लागतो न लागतो तोच धाकटीला पुरळ उठतं. आजार एक, पण सुट्ट्या दोनदा. तुमचे दहा दिवस तिथंच संपले, आणि बुडालेल्या ड्यूट्या पुढं भरून द्यायच्या त्या वेगळ्याच.

म्हणून पहिल्याच आठवड्यात कॉलेजकडून मास्टर रोटेशन प्लॅन मागून घ्या. कुठल्या महिन्यात वर्ग, कुठल्या महिन्यात कुठला वॉर्ड, रात्रपाळी कधी, हे सगळं त्यात असतं. तो नोटीस बोर्डावर लागतो आणि बहुतेक मुली तो वाचतच नाहीत. फोटो काढून घरात फ्रिजवर चिकटवा, त्यावर लेकरांच्या लसीच्या तारखा, नवऱ्याची पाळी, घरातली लग्नं, गड्ड्याची जत्रा, सगळं लिहा. धाकटीची नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस आता ड्यू असेल, ती कॉलेज सुरू व्हायच्या आधी देऊन टाका.

माणसं तीन लागतात. रोज सांभाळणारं एक, लेकरू आजारी पडल्यावर हाक मारता येईल असं दुसरं, आणि रात्रपाळीच्या आठवड्यासाठी तिसरं. एकट्या सासूबाईंवर सगळं टाकलं तर त्यांचे गुडघे धरले त्या दिवशी तुमची ड्यूटी बुडते. नवरा यातल्या एका जागेवर हवाच. "मी मदत करतो" एवढ्यावर भागवू नका. कुठला वार, किती वाजता, ते ठरवून घ्या.

आजारी लेकरू सांभाळणाऱ्यासाठी स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद लावा. त्यावर दोन्ही लेकरांचं वजन आणि पॅरासिटामॉलचा डोस लिहा. किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं तर ८ किलोच्या लेकराला १२० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिला १२० मिलिग्रॅम ताकदीच्या सिरपचे ५ मिली. १६ किलोच्या मुलाला १० मिली. दोन डोसमध्ये सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. हा हिशोब तुमच्या लेकरांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. घरात एकाच ताकदीची बाटली ठेवा, कारण २५० ची बाटली शेजारी असली की आजी तीही ५ मिलीच देते, म्हणजे औषध दुपटीहून जास्त जातं. ओआरएसचं मोठं पाकीट पुरतं एक लिटर पाण्यात. पेल्यात अर्धी पुडी टाकायची नाही. लिटरची खूण केलेली बाटली त्या कागदाखालीच ठेवा.

आता दुधाचं. तुमचा प्रश्न वाचून मी लिहायला बसले ते यासाठीच.

एक विद्यार्थिनी होती, घरी आठ महिन्यांचं लेकरू. पोस्टिंग सर्जिकल वॉर्डात, सकाळी ८ ते २. पहाटे साडेसहाला पाजून निघायची. साडेअकराच्या सुमारास ड्रेसिंग ट्रॉलीपाशी उभी असताना तिची छाती दगडासारखी झालेली, एप्रन ओला, अंगात कणकण. आर्टरी फोर्सेप्स (चिमटा) हातातून निसटून स्टेराइल, म्हणजे निर्जंतुक टॉवेलच्या बाहेर गेला आणि तिनं तो तसाच उचलून परत आत ठेवला. इन्चार्ज सिस्टर ओरडल्या, आणि ओरडायलाच हवं होतं, ती चूक पेशंटच्या जखमेत जाते. पण नंतर स्टाफरूममध्ये माझ्याबरोबरच्या एक मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच लेकुरवाळ्या घेऊ नयेत. मन घरी असतं यांचं."

मन घरी नव्हतं हो. पाच तास न पिळलेलं दूध होतं. नऊ महिन्यांचं बाळ वरचं खातं, त्याला सहा तास निघतात. आईच्या छातीला निघत नाहीत. दूध साठलं की गाठी होतात, गाठीवरची कातडी लाल होते, ताप चढतो, तो मॅस्टायटिस. हे आम्हीच तिसऱ्या वर्षाला मिडवाइफरीत, म्हणजे बाळंतपणाच्या विषयात शिकवतो. बाळंतिणीला "दर तीन-चार तासांनी दूध काढत जा" असं आरोग्यशिक्षण द्यायला हीच मुलगी पोस्टनेटल वॉर्डात जाणार, आणि तिलाच १५ मिनिटं द्यायची नाहीत? त्या मॅडमचं आणि माझं या एका गोष्टीवरून बरीच वर्षं वाजलंय. आजही माझं म्हणणं तेच आहे.

त्या मुलीला आम्ही वेळ लावून दिली. दहाचा राउंड आणि ड्रेसिंगं उरकली की बाराच्या टीपीआरच्या (ताप, नाडी, श्वास मोजण्याच्या) आधी १५ ते २० मिनिटं. शेजारच्या बेडवाल्या मैत्रिणीला तोंडी हँडओव्हर द्यायचा, परत आल्यावर तिचे पेशंट आपण बघायचे. पुन्हा एप्रन ओला झाला नाही. तुम्हीही पहिल्या दिवशीच ट्यूटरला आणि इन्चार्जला हे सांगा, दुखायला लागेपर्यंत थांबू नका. "मॅडम, साडेअकराला १५ मिनिटं चेंजिंग रूममध्ये जाऊ का? अमुक माझे बेड बघेल." असं विचारलं की बहुतेक इन्चार्ज हो म्हणतात. नुसतं "मला दूध काढायचंय" म्हणून उभं राहिलं की त्यांना आधी बघायला कोणी नसलेले बेड दिसतात.

हातानं काढायची पद्धत: हात साबणानं धुवा. अंगठा वर, तर्जनी खाली, दोन्ही बोंडापासून साधारण चार सेंटिमीटर मागं. आधी छातीच्या फासळ्यांकडं दाबायचं, मग बोटं एकमेकांकडं आणायची, सोडायचं. बोंड ओढायचं नाही आणि कातडीवरून बोटं घासायची नाहीत, त्यानं नुसतं सोलवटतं. एका बाजूला तीन ते पाच मिनिटं, मग दुसरी, मग परत पहिली. गाठ असेल तिथं आधी कोमट ओला रुमाल ठेवा. त्या बाजूचं पाजणं बंद करू नका, बंद केलं की गाठ वाढते. ताप आणि लाली एका दिवसात उतरली नाही तर ओपीडीत दाखवा.

ते दूध घरी न्यायचं का? २५ अंशाच्या खोलीत ते चार तास टिकतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा हे चार तास विसरा. बर्फाच्या पॅकसकट जाड टिफिन बॅग असेल तरच स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ठेवा, वर मायक्रोपोरची चिकटपट्टी लावून वेळ लिहा, घरी गेल्यावर लगेच फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये चार दिवस चालतं. फ्रिजच्या दारात नको, तिथं दार उघडझाप होऊन ते नीट गार राहत नाही. देताना गरम पाण्यात डबा ठेवून कोमट करायचं, गॅसवर नाही, आणि वाटी-चमच्यानं पाजायचं. एवढी सोय नसेल तर सरळ ओतून द्या, वाईट वाटून घेऊ नका. तिथं काढायचं ते मुख्यतः छाती मोकळी व्हावी आणि दूध टिकावं म्हणून.

घरात शिरताना चप्पल बाहेर, युनिफॉर्म वेगळ्या बादलीत, अंघोळ करून मगच लेकराला घ्यायचं. सगळ्या मुली हे करतात आणि मोबाईल विसरतात. वॉर्डात ट्रॉलीवर ठेवलेला तोच फोन घरी मोठ्याच्या हातात जातो. दारातच स्पिरिटच्या कापसानं पुसा. हिपॅटायटिस बी ची लस ०, १, ६ महिने अशी असते, पहिला डोस प्रवेशाच्या आधीच घ्या. पाजत असताना चालते.

रात्रपाळीतून सूट मागू नका. बाळंतपणं रात्रीच जास्त मिळतात आणि प्रसूतीच्या केसेस भरल्या नाहीत तर केसबुक (केलेल्या केसेसची नोंदवही) अपुरं राहतं. रात्रपाळीहून आल्यावर मात्र साडेनऊ ते दोन दार लावून झोपायचं, लेकरू दुसऱ्या माणसाकडं. डुलक्या येत असताना सोफ्यावर किंवा खुर्चीत बसून धाकटीला पाजू नका, हातातून घसरून ती उशीच्या किंवा तुमच्या अंगाखाली जाऊ शकते. आणि त्या सकाळी स्कूटी नको, रिक्षानं या.

आता अभ्यास. पहाटे चारला उठायचा सल्ला देणाऱ्यांनी नऊ महिन्यांचं लेकरू कधी झोपवलेलं नसतं. तुम्ही उठलात की तीही उठते. जर्नल (प्रात्यक्षिकाची वही), केअर प्लॅन (एका पेशंटच्या शुश्रूषेचा आराखडा), ड्रग कार्ड (एकेका औषधाची माहिती) यातलं काहीही घरी आणायचं नाही. ड्रग कार्ड औषध देता देता वॉर्डातच लिहायचं, केअर प्लॅन त्याच पेशंटच्या फाइलसमोर, ड्यूटी सुटल्यावर अर्धा तास थांबून. सबमिशनच्या आठवड्यात रात्री दोनपर्यंत लिहिणाऱ्या असतात त्या घरी आणणाऱ्या. वर्गातल्या नोट्स स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा, प्रश्न विचारायचा, दहा सेकंद गप्प, मग उत्तर. भाकरी थापताना ते ऐकता येतं. मराठी माध्यमातून आलात तर इंग्रजी शब्द तोडून पाठ करा: इटिस म्हणजे सूज, एक्टोमी म्हणजे काढून टाकणं, ऑस्टोमी म्हणजे तोंड करून देणं. एवढ्यावर सर्जरीची अर्धी नावं उलगडतात. ड्रिपचं गणित रोज एक: ५०० मिली चार तासांत, २० थेंबांचा सेट (एका मिलीला २० थेंब), ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. ॲनाटॉमीच्या आकृत्या मोठा रंग घेऊन बसतो तेव्हाच काढा, त्यालाही कागद द्या. चाइल्ड हेल्थ नर्सिंग तर तुमच्या घरातच रांगतंय. नववा-दहावा महिना: आधाराशिवाय बसणं, चिमटीत फुटाणा उचलणं (काढून घ्या लगेच), अनोळखी माणसाला बघून रडणं. तीन वर्षांचं पोर बघून गोल काढतं, चार वर्षांचं अधिकचं चिन्ह. इतर मुली हे घोकत बसतात.

आणि घरकाम कापा. कडक भाकरी विकत आणा किंवा एकदा करून ठेवा, आठवडे टिकतात. शेंगा चटणी, दही, झालं जेवण. आपल्याकडं नळाला पाणी येतं तो दिवस अभ्यासाचा धरूच नका, त्या दिवशी फक्त पाणी भरणं आणि कपडे.

"लेकरं मोठी होऊ दे" याचं उत्तर. जीएनएमच्या प्रवेशाला वयाची वरची मर्यादा ३५ आहे. धाकटी पहिलीत जाईपर्यंत तुम्ही ३४ च्या उंबरठ्यावर असाल, आणि तेव्हा नंबर लागेलच असं कोणी लिहून देणार नाही. सोलापूरच्या पूर्व भागात बायका पिढ्यान् पिढ्या मांडीवर पोर घेऊन हजार-हजार विड्या वळत आल्या. त्यांना कोणी म्हटलं नाही, आधी पोरं मोठी कर मग विड्या वळ. घरात बसून मजुरी करताना लेकरू आड येत नाही, बाई परीक्षा देऊन रजिस्टर्ड नर्स व्हायला निघाली की मगच ते आड येतं. हे मला पटत नाही, कधीच पटलं नाही.

दोन गोष्टी मात्र खऱ्या. धाकटी सहा महिन्यांच्या आतली असती तर मी एक वर्ष थांबा म्हटलं असतं, कारण तेव्हा अंगावरच्या दुधाशिवाय दुसरं काही चालत नाही आणि सहा तासांची ड्यूटी त्यात बसत नाही. दुसरी, काही कॉलेजांत वसतिगृहात राहणं सक्तीचं असतं. फी भरायच्या आधी प्राचार्यांना भेटा, लेकरं किती वर्षांची आहेत ते सांगा, घरून ये-जा करायची परवानगी मागा आणि अर्जाच्या झेरॉक्सवर सही-शिक्का घ्या. तोंडी "बघू" म्हणाले तर त्या दिवशी फी भरू नका.