वाचक विचारतात : श्री ठाणेदार, मिशिगन आणि तिथली आमदारकी

प्रश्न : श्री ठाणेदारांना कुणी आमदार म्हणतं, कुणी खासदार. नेमकं काय? (एक वाचक, निपाणी)

दोन्ही, पण एकापाठोपाठ. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले ठाणेदार 1979 साली अमेरिकेत गेले. ॲक्रन विद्यापीठातून रसायनशास्त्रात पीएच.डी. घेऊन पुढे त्यांनी प्रयोगशाळांचा व्यवसाय केला. 2018 मध्ये मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी (तिथे गव्हर्नर हा निवडून आलेला राज्यप्रमुख असतो) ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत उतरले, स्वतःचे जवळपास 1 कोटी डॉलर ओतले आणि तिसरे आले. 2020 मध्ये डेट्रॉइटमधून राज्याच्या कनिष्ठ सभागृहावर निवडून गेले; ही झाली आमदारकी. जानेवारी 2023 पासून ते वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत आहेत; आपल्या भाषेत खासदार.

प्रश्न : तिथे तिकीट कोण देतं? (एक वाचक, कोल्हापूर)

मतदार देतात. ऑगस्टच्या प्रायमरीत पक्षाचा उमेदवार ठरतो आणि नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन्ही पक्षांची लढत होते. डेट्रॉइटसारख्या ठिकाणी डेमोक्रॅटिक मतं इतकी जास्त आहेत, की खरी निवडणूक ऑगस्टमध्येच होऊन जाते. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये ठाणेदारांना नव्वद टक्क्यांहून जास्त मतं मिळाली; प्रायमरीत मात्र ती अनेक उमेदवारांत वाटली गेली होती. तिथलं राजकारण समजून घ्यायचं तर निकाल ऑगस्टचे पाहावेत.

राज्याच्या कनिष्ठ सभागृहासाठी अर्ज भरणं सोपं आहे. वय किमान 21, अमेरिकेचं नागरिकत्व आणि त्याच मतदारसंघात मतदार असणं एवढं पुरतं. त्यासोबत मतदारांच्या किमान 200 सह्या द्यायच्या, नाहीतर 100 डॉलर भरायचे. प्रायमरीत पहिला किंवा दुसरा क्रमांक आला तर हे पैसे परत मिळतात. नवख्याने सरळ 100 डॉलर भरावेत, असं आमचं मत. सह्यांमध्ये घोळ फार होतात : सही करणारा त्या मतदारसंघातला नसतो, तारीख राहून जाते, एकाच माणसाची सही दोनदा येते. मोठ्या पदांना मात्र ही 100 डॉलरची पळवाट नसते. काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहासाठी किमान 1,000 वैध सह्या लागतात, गव्हर्नरसाठी 15,000. पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्यांनी बनावट सह्या भरल्यामुळे 2022 मध्ये रिपब्लिकन पक्षाचे गव्हर्नरपदाचे पाच इच्छुक बाद झाले. 2024 मध्ये ठाणेदारांचे प्रतिस्पर्धी, राज्याच्या वरिष्ठ सभागृहाचे माजी सदस्य ॲडम हॉलियर, वैध सह्या अपुऱ्या पडल्यामुळे मतपत्रिकेवर आलेच नाहीत.

प्रश्न : एका मुदतीत आमदाराच्या हातून काय होतं? (एक वाचक, ठाणे)

मुदत अवघी दोन वर्षांची, आणि बहुमत नसेल तर फार थोडं. राज्याची राजधानी लान्सिंग इथल्या कनिष्ठ सभागृहात 110 सदस्य असतात, विधेयकाला 56 मतं लागतात. ठाणेदारांच्या काळात रिपब्लिकन 58 आणि डेमोक्रॅट 52 होते. विधेयक समितीकडे जातं आणि ते चर्चेला घ्यायचं की नाही, हे बहुमतातल्या पक्षाचा समिती-अध्यक्ष ठरवतो. विरोधकांची बहुतेक विधेयकं तिथेच पडून राहतात. म्हणून शहाणा आमदार समोरच्या पक्षातला सहप्रस्तावक आधी शोधतो.

समितीतून सुटलं तरी प्रत्येक सभागृहात विधेयक किमान 5 दिवस असावं लागतं. मग सही करायची की विधेयक नाकारायचं, हे ठरवायला गव्हर्नरला 14 दिवस मिळतात. तात्काळ अंमलासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत. ती नसली तर कायदा अधिवेशन संपल्यावर 90 दिवसांनी लागू होतो.