मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझवर आईचं इन्सुलिन थंड कसं ठेवायचं?

केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर विसंबू नका. अनेक जहाजांवर तो नुसता शीतपेयं गार ठेवणारा कूलर असतो आणि न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं. बुकिंग झाल्या झाल्या क्रूझ कंपनीला ईमेल करून औषधासाठी वेगळा फ्रिज मागा आणि उत्तर लेखी घ्या. तो नाही मिळाला, तर जहाजावरच्या दवाखान्यात ठेवतील का, तेही आधीच विचारा.

आता थोडा दिलासा. वापरात असलेलं पेन फ्रिजमध्ये ठेवावं लागत नाही. बहुतेक प्रकारची इन्सुलिन उघडल्यावर ३० अंशांखाली साधारण २८ दिवस चालतात (तुमच्या ब्रँडची मुदत खोक्यातल्या कागदावर बघा). म्हणजे चार-पाच दिवसांच्या सफरीत सांभाळायची ती जादाची पेनं.

गोठलेलं इन्सुलिन मात्र वाया गेलं, वितळल्यावरही टोचू नका. माझ्या वडिलांचं एक पेन असंच गेलं, बर्फाच्या पॅकला चिकटून राहिलं होतं. तेव्हापासून मी मध्ये जाड रुमाल गुंडाळते. पाण्यात भिजवून वापरायची पाउच मिळते, पण ती बाष्पीभवनावर चालते, समुद्रावरच्या दमट हवेत कमी गार होते.

औषध हातातल्या पिशवीतच ठेवा. बंदरावर दिलेल्या बॅगा केबिनमध्ये पोचायला कधी कधी काही तास लागतात. डॉक्टरांची चिठ्ठी आणि वापरलेल्या सुयांसाठी झाकणाचा कडक डबा सोबत घ्या. बेटावर उतरताना पेन उन्हात ठेवू नका.