पाडव्याची वाट कशाला?

19 जानेवारी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

मेसेज मिळाला. नव्या वर्षाचे पाचही संकल्प पंधरवड्यात बारगळले, आता थेट गुढीपाडव्यापासून नव्याने सुरू करते म्हणालीस. म्हणजे मधले दोन महिने रान मोकळं!

मुहूर्ताला माझी ना नाही. आपल्याकडे त्यांची वाण कधीच नव्हती. साडेतीन तर हक्काचे. शिवाय व्यापाऱ्याची वही दिवाळीच्या पाडव्याला उघडते, शेतकरी मृगाकडे डोळे लावून असतो, शाळा जूनमध्ये, आणि तुझं-माझं, हिशेब तपासणाऱ्यांचं, आर्थिक वर्ष 1 एप्रिलला. तेही पूर्वी 1 मेला सुरू व्हायचं. एप्रिल आला 1867 पासून. इंग्लंडची गंमत तर याहून मोठी. तिथलं कायदेशीर वर्ष 1751 पर्यंत 25 मार्चला सुरू व्हायचं. 1752 मध्ये त्यांनी ते 1 जानेवारीला आणलं आणि जुनी दिनदर्शिका बदलताना अकरा दिवस गाळले. पण कराच्या हिशेबातले दिवस बुडवायला खजिना तयार होईना, म्हणून करवर्ष पुढे सरकलं. ते आजही 6 एप्रिलला सुरू होतं. ही सगळी तारखांची ठरवाठरवी माणसांनीच केलेली, तेव्हा आज रात्रीपासून तुझं वर्ष सुरू झालं तर पंचांगवाले काही तक्रार करणार नाहीत.

तारखेने हुरूप येतो, हे मात्र खरं. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी 2014 साली दाखवून दिलं, की लोक आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला आणि वाढदिवसानंतर जिमला जास्त जातात. म्हणजे दर सोमवारी हा हुरूप फुकट मिळतो. त्यासाठी गुढी उभारायची गरज नाही.

तुझी फसगत दुसरीकडे झाली. 31 मार्चची अखेरची शिल्लक 1 एप्रिलला आरंभीची शिल्लक म्हणून ओढावी लागते, हे तुला झोपेतही येतं. उधारी तीच, देणी तीच, फक्त पान नवं. स्वतःच्या बाबतीत मात्र तू कोरी वही धरलीस. 31 डिसेंबरला रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल बघणारी मुलगी 1 जानेवारीला पहाटे पाचला उठेल, असं लिहून मोकळी झालीस. असा ताळेबंद माझ्याकडे आणला असतास तर मी परत पाठवला असता.

म्हणून पाचातलं एकच धर. डोंबिवलीची गर्दी अंगावर घेऊन साडेआठला घरी पोचणाऱ्या मुलीने पहाटेचं उठणं सध्या सोडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. चालणं स्टेशनपर्यंत होतंच. इंग्रजी वाचन वाट बघेल. खर्च लिहिणं ठेव. पगार वीस तारखेला संपतो आणि कुठे गेला कळत नाही, हे तूच सांगितलंस. कळणार कसं? चहाचे पंधरा, वडापावचे वीस, रिक्षाचे तीस, सगळं स्कॅन करून जातं. नोट मोडली की हाताला जाणवायचं, तेही आता गेलं.

'रोज लिहीन' हे मात्र पुरेसं नाही. कधी लिहिणार, ते आधी ठरव. जेवण झालं, ताट घासलं, की मोबाईल चार्जिंगला लावण्याआधी दिवसाचे व्यवहार बघून वहीत उतरवायचे. ॲप नको. ॲप उघडायला गेलीस की रील बघत बसशील.

आपल्या त्या किराणावाल्या काकांचा रोजमेळ तू तपासलायस. आठवतं? गल्ला मोजल्याशिवाय ते शटर ओढत नाहीत. अर्धं शटर खाली, बाहेरून कुणी 'काका, एक दूध' म्हटलं तरी मान वर नाही. आधी नाण्यांच्या ढिगल्या, मग नोटा, मग लाल वहीत आकडा. त्या वहीत एका तारखेखाली वेगळ्या शाईत दोन दिवसांचं लिहिलेलं होतं. घरात लग्न होतं, रात्री राहून गेलं, सकाळी दुकान उघडण्याआधी त्यांनी ते पुरं केलं. त्यासाठी नवी वही आणली नाही.

तुझा खेळ इथेच बिघडतो. 4 तारखेला चुकलं, म्हणून 5 तारखेपासून सगळंच सोडलंस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर अभ्यास केला होता. प्रत्येकाने एक साधी गोष्ट निवडायची, जेवताना पाणी पिणं किंवा संध्याकाळी जेवणाआधी पळणं अशी, आणि ती रोज करायची. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असं निघालं; कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज. एकवीस दिवसांत आयुष्य बदलतं म्हणणाऱ्यांना हे आकडे आवडत नाहीत. त्यातच आणखी एक दिसलं: एखादा दिवस चुकला तर सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही.

तेव्हा चुकलेल्या दिवसाचं दुसऱ्या दिवशी लिही, आठवेल तेवढं. न आठवणाऱ्या रकमेपुढे 'किरकोळ' लिहून पुढे जा. पहिल्या महिन्यात खर्च कमी करायच्या भानगडीत पडू नकोस, नुसतं लिही. फेब्रुवारीअखेर वही घेऊन ये, 'किरकोळ'ची बेरीज एकत्र करू. मार्च लागला की मला बोलायलाही फुरसत नसते, हे तुला माहीत आहेच.

तुझा,
काका