रानाला हात लावू नका, गुरुजी

अंबाजोगाईच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. मुलीला संस्कृती अभ्यासात एम.ए. करायचंय. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाचा दोन वर्षांचा खर्च, राहण्या-खाण्यासकट, 9 लाख. निवृत्तीला 4 वर्षं उरलीत. एक एकर रान विकावं का?

गुरुजी, पोरीला शिकू द्या. पण या पदवीला 9 लाख फार झाले. एवढं कर्ज 10 टक्क्यांनी 7 वर्षांत फेडायचं तर हप्ता 15 हजारांच्या घरात जातो, शिकतानाचं व्याज वेगळंच. या क्षेत्रात सुरुवातीचे पगार बेताचे. खोलीचं भाडं भरून तिला हा हप्ता झेपायचा नाही. रान विकलं तर हप्ता टळेल, पण तुमच्या म्हातारपणाचा आधार जाईल.

ही पोरगी शिकून करणार काय, असं पाहुणे विचारत असतील. तुमच्या गावातली दासोपंतांची पासोडी घ्या, म्हणजे संतकवी दासोपंतांनी ज्यावर ग्रंथ लिहिला ते कापड. ते कापड वाचणं, त्याची शिस्तीत नोंद करणं, ते जपणाऱ्यांशी बोलणं, मग परक्याला कळेल असं लिहिणं, ही या अभ्यासातली कामं. याच कौशल्यावर संग्रहालयं, प्रकाशनं, भाषांतर, सबटायटल्स, सामाजिक संस्थांचे अहवाल, इतकंच काय कंपन्यांची ग्राहक-पाहणी इथंही काम मिळतं. मात्र जिल्ह्यातच प्राध्यापक व्हायचं मनात असेल तर सावध. आपल्याकडं जागा विषयवार निघतात: मराठी, इंग्रजी, इतिहास. या एम.ए.वर नेट-सेट कोणत्या विषयात देता येईल, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, लागली तर महिना 37 हजार मिळतात. पण ते गृहीत धरून हिशोब मांडू नका.

हाच विषय हैदराबादच्या इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठात शिकवतात. केंद्रीय विद्यापीठ, त्यामुळं फी खासगीच्या मानानं किरकोळ. आणि परळीहून हैदराबादकडं रेल्वे आहे, पुण्याच्या ट्रॅव्हल्सपेक्षा बरी! तिथं प्रवेश परीक्षा द्यायला लावा. कमी पडेल तेवढंच शैक्षणिक कर्ज काढा. 4 लाखांपर्यंत साधारणतः तारण लागत नाही. 3 लाखांचा हप्ता याच हिशोबानं 5 हजार बसतो. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर कर्ज स्वतःच्या नावावर घ्या, म्हणजे भरलेल्या व्याजाची वजावट 8 वर्षं मिळेल.

पुण्याला सीट धरायचे पैसे भरले नसतील तर थांबा. भरले असतील तर परताव्याची अट लेखी मागवा, फोनवरच्या शब्दावर राहू नका.